ताऱ्यांवर किती विसंबावें ?

गेल्या दिवाळींत मी पुण्यास मुलाकडे होतों. एका संध्याकाळीं सर्वांनीं बाहेर जेवावयास जावें असें ठरलें, आणि लगेच घरांतील चारहि माणसें आपापल्या मोबाइलांत मान घालून बसलीं. मुलगा म्हणाला, "याला ४.४ आहेत." सूनबाई म्हणाल्या, "त्याला ४.६ आहेत." नातीला एका ठिकाणचे फोटो आवडले, तर नातवाला तेथील खुर्च्या आवडल्या नाहींत. अर्धा तास असा गेला. माझ्या पोटांत कावळे ओरडूं लागले होते. परंतु मी जातीचा मास्तर, मला भुकेपेक्षां त्या आकड्यांचें कुतूहल अधिक. हे ४.६ गुण दिले कोणीं ? परीक्षक कोण होता, त्यानें उत्तरपत्रिका वाचली होती काय, आणि वाचली असल्यास ती त्याच विद्यार्थ्याची होती काय ?

शेवटीं ४.६ वाल्या उपाहारगृहांत आम्ही गेलों. भाजी गोड होती, पोळ्या गार होत्या, बाकी सर्व झगझगीत होतें. बिल चुकवितांना वाढप्यानें चौकोनी ठिपक्यांचें चित्र असलेलें एक कार्ड पुढें केलें आणि तो अदबीनें म्हणाला, "पांच तारे द्या, मुलांना आइस्क्रीम आमच्याकडून." नातवानें एका हातानें पांच तारे दिले व दुसऱ्या हातानें आइस्क्रीम घेतलें. गार पोळ्यांविषयीं तोच सर्वांत अधिक कुरकुरला होता ! त्या उपाहारगृहाचें नांव मी सांगत नाहीं. ही चाल आतां पुष्कळ ठिकाणीं रूढ झाली आहे, तेव्हां एकट्याचेंच नांव घेणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु ४.६ कोठून येतात याचा थोडासा उलगडा मला त्या संध्याकाळीं झाला, आणि तोच आज आपणांपुढें मांडावा असें मनांत आहे.

मी राहणारा धामणगांव बढ्याचा. आमचें गांव बुलढाणा जिल्ह्यांत, मोताळा तालुक्यांत आहे. तेथें कोठें जेवावें हा प्रश्न फारसा उद्भवत नाहीं, आणि उद्भवलाच तर पारावर बसलेल्या कोणासहि विचारावें. तो सांगतो, आणि त्याचें सांगणें चुकीचें ठरलें तर दुसऱ्या दिवशीं त्याच पारावर त्याला गांठतां येतें. मोबाइलवर तारे देणारा मनुष्य असा पुन्हां हातीं लागत नाहीं. तो कोण, कोठला, त्याला तिखट सोसतें कीं नाहीं, तो जेवला तरी होता कीं नाहीं, यांपैकीं कांहींच आपणांस ठाऊक नसतें. गूगलच्या नकाशावर अभिप्राय देण्यास जेवल्याची पावती दाखवावी लागत नाहीं. एक खातें असलें म्हणजे झालें. शब्दहि लिहावे लागत नाहींत, नुसते तारे दिले तरी चालतात.

पूर्वीं लौकिक कसा होत असे याचें उदाहरण आमच्याच जिल्ह्यांत आहे. शेगांवची कचोरी आपणांपैकीं पुष्कळांनीं खाल्ली असेल. १९५० च्या सुमारास तीरथराम शर्मा यांनीं शेगांव स्टेशनावरील उपाहारगृहांत ती सुरू केली. मुंबई-हावडा मार्गावरील गाड्या तेथें थांबत, प्रवासी खिडकींतून हात बाहेर काढून कचोरी घेत. त्या मार्गानें नेहमीं जाणाऱ्या माणसानें पुढच्या खेपेस पुन्हां घेतली, शेजारच्या प्रवाशास घ्यावयास लाविली, घरीं पुडा नेला. आणि असें होतां होतां त्या कचोरीचें नांव महाराष्ट्रभर झालें. येथें साक्षीदार एकदांच येऊन गेलेला नव्हता. तो पुन्हां पुन्हां पैसे मोजून तीच साक्ष देत होता. खाणावळींत महिन्याचे पैसे भरून जेवणाऱ्यांचेंहि तसेंच असे. मोबाइलवर तारे देणारा पुष्कळदां प्रवासी असतो. तो प्रथम येतो आणि शेवटचा येतो. अमुक जागीं तो पुन्हां गेला काय, हें त्या ताऱ्यांत दिसत नाहीं. (आतां शेगांवांत 'खरी' व 'मूळची' कचोरी अशा पाट्या इतक्या झाल्या आहेत कीं नवख्यानें गोंधळून जावें, हा भाग वेगळा.)

आतां त्या आकड्याकडे वळूं. तारे एकापासून पांचपर्यंत असतात. शून्य तारा देतांच येत नाहीं. अर्थात् सर्वांनीं अगदीं वाईट म्हटलें तरी त्या दुकानास १ मिळणारच. म्हणून ४ म्हणजे शंभरांत ऐंशी, असा जो हिशेब आपण मनांतल्या मनांत करतों तो चुकीचा आहे. १ हा आरंभ धरला तर ४ म्हणजे पंचाहत्तरच होतात. दुसरें असें कीं, हे गुण सर्व गिऱ्हाइकांनीं दिलेले नसतात. ज्यास जेवण फारच आवडलें तो लिहितो, ज्यास फारच राग आला तोहि लिहितो. ज्यास बरें वाटलें तो हात धुऊन घरीं जातो. अशा अभिप्रायांचा ज्यांनीं अभ्यास केला आहे त्यांना आढळून आलें आहे कीं, पांच ताऱ्यांचा ढीग सर्वांत उंच असतो, एका ताऱ्याचा लहानसा ढीग दुसऱ्या टोकास असतो आणि मधली जागा बहुतेक मोकळी राहते. अशा दोन ढिगांची सरासरी काढून ती ४.२ आली, तर प्रत्यक्षांत ४.२ इतकें कोणासच वाटलेलें नसतें.

आणखी एक गंमत आहे. पहिल्यानें जें म्हटलें तेंच म्हणण्याकडे दुसऱ्याचा ओढा असतो. २०१३ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वृत्तांवर वाचकांनीं लिहिलेल्या मतांपैकीं कांहींना, कसलाहि विचार न करतां, केवळ चिठ्ठी टाकल्याप्रमाणें आरंभींच एक अनुकूल मत देण्यांत आलें. एवढ्यानेंच पुढच्या वाचकानें अनुकूल मत देण्याचा संभव ३२ टक्क्यांनीं वाढला, आणि सरतेशेवटीं त्या मतांचे गुण सरासरीनें २५ टक्के अधिक भरले. तो प्रयोग खाद्यपदार्थांवर नव्हता हें खरें. पण पंक्तींत पहिल्यानें 'वाहवा' म्हटली म्हणजे आमटींत मीठ कमी आहे असें म्हणण्याचा धीर किती जणांस होतो, हें आपण सर्वांनीं पाहिलेलेंच आहे.

ही झाली प्रामाणिक माणसांची गोष्ट. लबाडी यापुढें सुरू होते. लंडन शहरांत ऊबा बटलर नांवाचा एक तरुण लेखक आहे. उपाहारगृहांविषयीं खोटे अभिप्राय लिहून देण्याचे एका अभिप्रायास दहा पौंड असे पैसे त्यानें पूर्वीं घेतले होते. २०१७ सालीं त्यानें आपल्या बागेंतील लाकडी छपरास उपाहारगृह असें नांव देऊन 'ट्रिप ॲडव्हायझर' या संस्थेच्या यादींत त्याची नोंद केली. दाढीचा फेंस वगैरे वस्तु रचून त्यानें पक्वान्नांचे फोटो काढले. एका फोटोंत तर त्याची स्वतःची टांच मांसाच्या तुकड्यासारखी मांडलेली होती. मित्रांकडून स्तुतीचे अभिप्राय लिहवून घेतले, आणि कोणीं जागा मागितली कीं "पुढील कित्येक आठवडे सर्व जागा भरल्या आहेत" असें तो सांगूं लागला. मे महिन्यांत हें छप्पर लंडनच्या यादींत १८,१४९ वें होतें. १ नोव्हेंबर रोजीं तें पहिलें आलें. तोंपर्यंत तेथें एकहि पान वाढलेलें नव्हतें ! पुढें एके रात्रीं त्यानें खरोखरच कांहीं पाहुण्यांस बोलावून बाजारांतील डब्यांतलें स्वस्त जेवण गरम करून वाढलें, तर त्यांतले कांहीं जण पुन्हां केव्हां येतां येईल असें विचारून गेले. मला ताऱ्यांच्या लबाडीपेक्षां हा शेवटचा भाग अधिक विचार करण्याजोगा वाटतो. तारे पाहून गेलेल्या माणसाची जीभहि ताऱ्यांच्या मागें जाते.

हें एकाद्या खोडकराचें काम म्हणून सोडून देतां येत नाहीं. अमेरिकेंत बॉस्टन येथील उपाहारगृहांच्या अभिप्रायांवर ल्युका आणि झर्वास या दोन अभ्यासकांनीं २०१६ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत 'येल्प' या संस्थेनें संशयास्पद ठरवून बाजूस काढलेले अभिप्राय सुमारें १६ टक्के असल्याचें दाखविलें आहे. ठिकठिकाणीं शाखा असलेल्या मोठ्या साखळीच्या उपाहारगृहांकडून हा प्रकार कमी होतो, आणि ज्याला अजून नांव मिळालेलें नाहीं व ज्याच्याशेजारीं प्रतिस्पर्धी उभा राहिला आहे तो याच्या मोहांत अधिक सांपडतो, असेंहि त्यांना आढळलें. यांतील कारण उघड आहे. त्याच ल्युकांनीं सिएटल शहराच्या हिशेबांवरून असें काढलें होतें कीं, एक तारा वाढला तर स्वतंत्र उपाहारगृहाचें उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनीं वाढतें; साखळीच्या उपाहारगृहावर मात्र त्याचा परिणाम दिसत नाहीं. ज्याचें नांव आधींच सर्वांस माहीत आहे त्याला ताऱ्याची गरज नसते. गरज असते ती लहान माणसास.

आपल्याकडे याचा बंदोबस्त काय, असें आपण विचाराल. भारतीय मानक ब्यूरोनें २०२२ च्या नोव्हेंबरांत 'आय. एस. १९०००' हें मानक प्रसिद्ध केलें. अभिप्राय कसे गोळा करावे, लिहिणाऱ्याची खात्री कशी करावी, आणि आलेले अभिप्राय कसे प्रसिद्ध करावे याचे नियम त्यांत आहेत. परंतु तें पाळणें ऐच्छिक ठेवण्यांत आलें. अमेरिकेंत खोट्या अभिप्रायांची खरेदी-विक्री बंद करणारा नियम २०२४ च्या ऑक्टोबरांत अमलांत आला. गूगलनें २०२३ या एका वर्षांत नियमबाह्य म्हणून अडविलेले किंवा काढून टाकलेले अभिप्राय १७ कोटींहून अधिक असल्याचें त्यांनींच सांगितलें आहे. केर किती काढला हें त्यावरून कळतें. किती उरला हें कळत नाहीं.

आणि हा केर टाकतें कोण ? पुष्कळदां तीं आपल्याच घरांतलीं मुलें व गृहिणी असतात. "घरबसल्या काम, या हॉटेलास पांच तारे द्या, दर वेळीं पन्नास रुपये मिळतील," असा निरोप मोबाइलवर येतो. पहिले दोन-तीनदां पैसे खरोखर जमा होतात. नंतर मोठ्या कामासाठीं आधीं रक्कम भरावयास सांगतात, ती दुप्पट झाल्याचें पडद्यावर दाखवितात, आणि माणूस लाख-दोन लाख भरून बसला म्हणजे पलीकडचा नाहींसा होतो. केंद्रीय गृहखात्यानें २०२३ च्या डिसेंबरांत अशा प्रकारच्या अर्धवेळ कामाच्या व गुंतवणुकीच्या फसवणुकींत गुंतलेलीं शंभरांहून अधिक संकेतस्थळें बंद केलीं. असा प्रकार कोणाच्या घरीं घडला तर लाजून गप्प न राहतां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. पैसे दुसरीकडे वळते होण्याच्या आंत कळविलें तरच कांहीं उपयोग होतो.

पुण्याहून परतल्यावर थोड्याच दिवसांनीं माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. मलकापूरच्या बाजूस महामार्गालगत त्याची लहानशी खाणावळ आहे. तो, त्याची बायको व एक आचारी एवढाच पसारा. वांग्याचें भरीत, शेवभाजी, कळण्याची भाकरी व ठेचा एवढेंच जेवण. त्याच्या खाणावळीस सहा अभिप्राय होते आणि सहाहि पांच-पांच ताऱ्यांचे. मग दूरच्या एका प्रवाशानें 'फार तिखट, मुलांना कांहींच खातां आलें नाहीं' असें लिहून एक तारा दिला. दुसऱ्यानें 'एवढ्या लांबून आलों तर बंद' म्हणून एक तारा दिला. त्या आठवड्यांत याची आई वारली होती. आतां हिशेब पाहा. सहा पंचे तीस. त्यांत एक मिळविला कीं एकतीस, भागिले सात, म्हणजे ४.४. आणखी एक मिळविला कीं बत्तीस, भागिले आठ, म्हणजे ४.०. ज्या मोठ्या उपाहारगृहास सहा हजार अभिप्राय आहेत, त्याला असे दोन तारे पडले तर दशांशाचा आंकडाहि हालत नाहीं. याच्या खाणावळीवरून मात्र मोटारी पुढें जाऊं लागल्या.

"गुरुजी," तो म्हणाला, "एकाचा फोन आला होता. पांच हजारांत पन्नास मिळतात. घेऊं कां ? समोरच्यानें घेतले आहेत."

मीं विचारलें, "समोरच्यानें घेतले हें तुला कसें कळलें ?"

"सगळे एकाच आठवड्यांतले आहेत, गुरुजी. अन् सगळ्यांनीं पनीर लय भारी म्हटलंय. त्याच्याकडे पनीर मिळतच नाहीं."

श्रोतेहो, अभिप्राय कसे वाचावेत हें या मुलानें माझ्यापेक्षां थोडक्यांत सांगितलें. तारखा पाहाव्या, पुष्कळसे अभिप्राय एकाच आठवड्यांत दाटीनें आले असतील तर सावध व्हावें. तपशील पाहावा, 'उत्तम', 'अप्रतिम', 'एकदां अवश्य भेट द्या' हीं वाक्यें न जेवतां लिहितां येतात, पण 'दोन वाजल्यानंतर भरीत मिळत नाहीं' हें गेल्याशिवाय लिहितां येत नाहीं. लिहिणाराच्या नांवावर बोट ठेवलें तर त्याचे इतर अभिप्रायहि बहुधा दिसतात. एकाच दिवशीं दिल्लीचें केशकर्तनालय, चेन्नईचा दंतवैद्य आणि नाशिकची मिसळ यांना पांच-पांच तारे देणारा गृहस्थ कितीहि चपळ असला तरी जेवला असेल असें वाटत नाहीं. मी तर आधीं तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचतों. तीन तारे देणाऱ्यास कोणी पैसे देत नाहीं, आणि त्याचा रागहि आवरलेला असतो.

तक्रार वाचतांना ती आपली आहे काय हें पाहावें. 'गाडी लावण्यास जागा नाहीं' ही तक्रार बसनें जाणाऱ्याची नव्हे. 'फार तिखट' ही तक्रार तर आमच्या बाजूच्या शेवभाजीच्या बाबतींत शिफारसपत्रच समजावें. मात्र सोबत लहान मूल असेल तर तीच तक्रार मोलाची ठरते. चवीच्या बाबतींत परक्याच्या जिभेवर फार विसंबूं नये. दादरच्या 'आस्वाद' मधील मिसळीस २०१५ सालीं लंडन येथें 'फूडी हब' या संस्थेनें उत्कृष्ट शाकाहारी पदार्थाचा बहुमान दिला. ती मिसळ चांगली असेल यांत मला शंका नाहीं, पण कोल्हापूरच्या मनुष्यास तें पटवून देण्यास मी जाणार नाहीं. याउलट दुकान उघडें केव्हां असतें, किती वेळ थांबावें लागतें, म्हाताऱ्यांस जिना चढावा लागतो काय, असल्या गोष्टी परक्याच्या डोळ्यांनींहि नीट दिसतात. त्यांपुरता मी या अभिप्रायांवर पुष्कळ भरंवसा ठेवतों. स्वच्छतेचें मात्र तसें नाहीं. 'स्वच्छ' म्हणणाऱ्यानें मेज पाहिलेलें असतें, मोरी पाहिलेली नसते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आंकडी परवाना भिंतीवर लाविलेला आहे कीं नाहीं हें आंत शिरतांना पाहावें. तोहि रोजच्या स्वच्छतेची हमी देत नाहीं, पण निदान दुकानदार सरकारदप्तरीं आहे एवढें कळतें.

माझ्या विद्यार्थ्यास मीं पन्नास तारे घेऊं दिले नाहींत. घेतले असते तर बत्तीसांत अडीचशें मिळून, अठ्ठावन्नांनीं भागून ४.९ झाले असते. तेवढा हिशेब तो स्वतः करून आला होता. "तुला जें समोरच्याचें दिसलें तें गिऱ्हाइकास तुझें दिसणार नाहीं काय ?" एवढेंच मीं विचारलें. शिवाय ते पन्नास तारे ज्यांच्या बोटांनीं उमटावयाचे, त्यांतलें एखादें बोट आपल्याच गांवच्या कोण्या फसलेल्या पोराचें असावयाचें. मग आम्ही दोघांनीं बसून त्या दोन तक्रारींखालीं उत्तरें लिहिलीं. पहिलीखालीं : 'आमची शेवभाजी तिखटच असते, मुलांसाठीं कमी तिखट करून देतों, आधीं सांगावें.' दुसरीखालीं : 'आई वारल्यामुळें खाणावळ बंद होती. आपणांस त्रास झाला, क्षमा असावी.' नकाशावरच्या वेळाहि दुरुस्त केल्या. रोज जेवणाऱ्या ट्रकवाल्यांना त्यानें सांगावें, पण आइस्क्रीम देऊं नये, आणि 'पांच' हा शब्द उच्चारूं नये, असेंहि ठरलें.

"मग गुरुजी, तुम्ही तरी लिहा," तो म्हणाला. येथें माझी पंचाईत झाली. मी काय परका होतों ? पण तेथें खरोखर चार वेळां जेवलों होतों, आणि पावती मागितली असती तर दाखविली असती. शेवटीं लिहिलें : 'मालक माझा विद्यार्थी आहे, हें आधीं सांगतों. भरीत उत्तम. भाकरी तव्यावरची मिळते. शेवभाजी तिखट. दोननंतर गेल्यास भरीत उरत नाहीं. पाण्याचे पेले नीट घांसले जात नाहींत.' आणि चार तारे दिले.

त्याच रात्रीं त्याचा फोन आला. "गुरुजी, चारच ?"

मीं म्हटलें, "पेले."

परवां मलकापुरास जातांना मी तेथें उतरलों. दोनचा सुमार होता. पेले नवे होते, स्टीलचे, लखलखीत घांसलेले. भरीत संपलें होतें.